जपानी गिटारची रिकामी पेटी

१

शालनबाईंची पिशवी सोसायटीच्या गेटवर उलटी केली, तेव्हा तिच्यातून एक डबा, एक शाल आणि प्लास्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड पडलं. गिटार पडली नाही. तेवढ्या पिशवीत गिटार मावत नाही हे तपासणाऱ्यांनाही दिसत होतं. तरी पिशवी उलटी केली, तीही वॉचमनसमोर आणि उन्हाला बसलेल्या बायकांसमोर.

तिथून त्या सरळ माझ्या घरी आल्या. दारात चप्पल काढली, पण आत येईनात. मी पाणी आणलं, ते हातात धरूनच त्यांनी सगळं सांगितलं.

चिंचवडच्या त्या सोसायटीत चाकणच्या एका जपानी कंपनीचा फ्लॅट आहे. तिथे ओनिशी नावाचे इंजिनिअर राहतात. शालनबाई तिथे स्वयंपाक करतात. ओनिशींच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून ते नवरात्रात जपानला गेले आणि दिवाळीनंतर बऱ्याच दिवसांनी परत आले. आल्यावर त्यांनी पलंगाखालची गिटारची पेटी ओढली. पेटी रिकामी होती. कंपनीच्या ॲडमिनच्या वर्षाली मॅडमनी किल्ली कोणाकोणाकडे होती ते पाहिलं आणि शालनबाईंना कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं. सोमवारी पोलिसात तक्रार देणार होत्या.

"काम गेलं तर दुसरं मिळंल, दादा," शालनबाई म्हणाल्या. "पण चोरटी म्हटल्यावर मला घरात कोण घेणार?"

त्या माझ्याकडे का आल्या ते मला कळत होतं. माझी बायको पद्मा त्या फ्लॅटमध्ये जपानी लोकांना मराठी शिकवायला जायची. शालनबाईंना हे काम तिनेच लावून दिलं होतं. या बाईची हमी कोण घेणार, असं तेव्हा वर्षाली मॅडमनी विचारलं, आणि पद्मा म्हणाली होती, मी घेते. पद्मा या उन्हाळ्यात गेली. आता ती हमी निभवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी भोसरीच्या एमआयडीसीत नोकरीभर इन्स्पेक्शनला होतो. माल नापास झाला की का झाला ते शोधायचं, एवढंच मला येतं. मी शर्ट बदलला आणि त्यांच्याबरोबर निघालो. सोसायटीचं गेट दिसायला लागलं तशा त्या थांबल्या. पुढे यायला तयार होईनात.

२

ओनिशींनी दार उघडलं आणि म्हणाले, "या, या. बसा ना, उभे का?"

मला बसावंच लागलं. शब्द त्यांचे होते, पण "बसा ना" म्हणायची चाल पद्माची होती. चार वर्षं ते तिच्याकडे मराठी शिकले. 

मग त्यांनी पेटी दाखवली. काळी, कडक, आतून मखमल लावलेली. आत पट्टा होता, वायर होती, फक्त गिटार नव्हती. पेटीला कुलूप नव्हतं, कड्या व्यवस्थित लावलेल्या होत्या. मी ती उचलून पाहिली. रिकामी असूनही जड होती.

गिटारबद्दल मी विचारलं. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा, की ती फार महाग नव्हती. अमेरिकेतल्या जुन्या गिटारी हव्याशा वाटल्या तरी परवडत नाहीत. पूर्वी जपानच्या काही कारखान्यांनी त्याच जुन्या घाटाच्या गिटारी बनवल्या, आणि इतक्या मन लावून बनवल्या की जाणकार अजून त्या शोधत फिरतात. नाव मोठं नाही म्हणून किंमत कमी, हाताला मात्र तितकीच चांगली. पहिल्या पगारात त्यांनी ती जुन्या बाजारातून घेतली होती. त्यांच्या आईला तिचा आवाज आवडायचा नाही. ऑपरेशननंतर तिनेच विचारलं होतं, ती वाजवतोस का अजून.

"मला पोलीस नको," ते म्हणाले. "मला गिटार पाहिजे. आणि शालनबाई पाहिजे. पण कंपनी ऐकत नाही."

त्याच फ्लॅटच्या दुसऱ्या खोलीत क्षितिज राहतो. कंपनीत नवा लागलेला इंजिनिअर, संगमनेरकडचा. तोही गिटार वाजवतो. त्याच्या दाराच्या खुंटीला गिटारची कापडी बॅग लटकत होती. मी त्याला विचारलं इतकंच, की ओनिशी नसताना इथे कोण कोण येत होतं. त्याने उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं.

"काका, मावशींनी नाही घेतली. शक्यच नाही. मी लिहून देतो."

मी म्हटलं, अरे, मी मावशींचं नाव घेतलंच नाही. तो म्हणाला, सगळे तेच म्हणतायत ना. मग त्याला फोन आला आणि तो गॅलरीत गेला. फोन वाजलेला मात्र मी ऐकला नाही.

वर्षाली मॅडम त्यांच्या चिंचवडच्या ऑफिसात भेटल्या. हुशार बाई, बोलणं चोख. त्यांनी चहा मागवला आणि पद्माबद्दल दोन चांगले शब्द बोलल्या. ओनिशींची सोडून किल्ल्या तीन होत्या. एक शालनबाईंकडे, एक क्षितिजकडे, एक त्यांच्या टेबलाच्या खणात. दसऱ्यानंतर लगेच क्षितिज ट्रेनिंगला तामिळनाडूच्या प्लांटला गेला तो दिवाळीपर्यंत. मग फ्लॅटमध्ये एकटी जाऊ शकणारी राहिली कोण?

मी विचारलं, चोराने पेटी मागे का ठेवली? पेटीसकट गिटार नेणं सोपं, विकली तर पैसेही जास्त. त्या म्हणाल्या, स्वयंपाकाच्या बाईला हे कसं कळणार. एवढं बोलून त्या मला त्यांचं काम सांगायला लागल्या. जपानहून ऑडिटला लोक येणार होते. दिवाळीआधी त्यांनी चाकणच्या प्लांटमधून अडगळ ट्रक भरभरून काढली होती. कोपरा न् कोपरा लख्ख केला होता.

"माझ्या नजरेतून टाचणी सुटत नाही, सर," त्या म्हणाल्या. "ही बाई सुटली, हेच मला लागलंय."

३

गिटार चोरली असेल तर ती कुठेतरी विकली जाणार. मग मी गिऱ्हाईक झालो. काय मागायचं ते ओनिशींनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं: जपानमध्ये बनलेली, जुन्या घाटाची, परवडेल अशी इलेक्ट्रिक गिटार.

पिंपरीच्या बाजारात पहिल्या दुकानदाराने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, काका, नातवासाठी का? त्याने लालभडक नवी गिटार पुढे केली. दुसऱ्याने एक जुनी दाखवली. तिचा रंग कोपऱ्यांवर उडालेला होता, पण सगळ्या कोपऱ्यांवर सारखाच. वापराने झीज अशी होत नाही, सॅन्डपेपरने होते. मी तसं म्हटलं, तर तो हसून म्हणाला, आजकाल फॅशन आहे.

संध्याकाळी कासारवाडीला हिंदुरावांकडे गेलो. स्टेशनजवळ त्यांचं दुकान आहे. बाजाच्या पेट्या, ढोलकी, बँडवाल्यांची बेंजो, सगळं दुरुस्त करतात. पद्माची हार्मोनियम त्यांच्याकडेच यायची. त्यांना ती गेल्याचं माहीत नव्हतं. कळल्यावर त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, आणि थोड्या वेळाने चहा सांगितला.

मग मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पडद्यामागून एक गिटार आणली.

"ही बघा. जपानी हाय. आमेरिकेचं नाव असतं तर तुमी हात बी लावला नसता. नाव न्हाई म्हणून परवडतीय. पण काम बघा राव."

मी काम पाहिलं. दांडीच्या कडेने बोट फिरवलं, सुरांची एकही धातूची पट्टी बोचली नाही. दांडी आणि अंगाचा सांधा असा बसवलेला की कागद आत जाणार नाही. मध्ये मधासारखा रंग, कडेला काळपट होत गेलेला. मला वाजवता येत नाही, पण हा माल मी डोळे मिटून पास केला असता. किंमतही गिऱ्हाईकाला रात्री शांत झोप लागेल अशी होती.

मग मी ती पालथी केली. ओनिशींनी सांगितलेली खूण तिथे होती. पट्ट्याच्या बक्कलने पडलेला ओरखडा, अर्धवट विळ्यासारखा.

मी विचारलं, कोणी आणली. हिंदुराव म्हणाले, तळेगावच्या ऑर्केस्ट्रातला माणूस होता. त्याचं नाव विचारलं, तर त्यांना आठवेना. मी सांगितलं की ही चोरीची असू शकते आणि सोमवारी पोलीस येतील. ते बराच वेळ खुंट्यांना तेल देत बसले.

"खोटं का बोलू तुमच्याशी," शेवटी ते म्हणाले. "बाईनं आणून दिली. डोक्यावर पदर हुता. बोलणं लातूरकडचं."

शालनबाई लातूरच्या आहेत.

४

मी दुकानातून उठलो आणि स्टेशनवर जाऊन बसलो. लोकल आली, गेली. मला वाटत होतं, आता इथेच थांबावं. हिंदुरावांना म्हणावं, मी आलोच नव्हतो. पद्माने शब्द दिला होता आणि पद्मा आता नाही. तो शब्द खोटा ठरलेला कोणाला कळायला नको.

मग मला माझाच राग आला. नापास माल लपवून ठेवणारे इन्स्पेक्टर मी पाहिलेत, आणि त्यांच्याशी भांडलोही आहे. मी परत दुकानात गेलो आणि हिंदुरावांना म्हणालो, दिवा जवळ घ्या.

गिटार मी टेबलावर आडवी ठेवली आणि एका टोकापासून पाहायला सुरुवात केली. खुंट्यांच्या बाजूला बारीक स्क्रू असतात. त्यांच्या खाचांत लालसर काहीतरी बसलं होतं. मला आधी गंज वाटला. नखाने उकरलं तर बोट लाल झालं, आणि त्याच्याखाली पिवळं निघालं. कुंकू आणि हळद.

शेवटच्या खुंटीला एक बारीक तार पिळून अडकलेली होती. गिटारची तार नव्हे, तर खोक्याला किंवा पार्टला चिठ्ठी बांधतात ती. तारेत लाल पुठ्ठ्याचा एक तुकडा अडकून राहिला होता.

हिंदुराव म्हणाले, तार काढायची राहिली वाटतं. मी म्हटलं, राहू द्या, आणि पुसूही नका. त्यांना वाटलं मला काहीतरी झालंय, कारण मी हसत होतो.

चोर चोरीच्या मालाला हळदकुंकू लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंदुरावांना घेऊन कुदळवाडीत गेलो. त्या बाई कुठे भेटतील ते त्यांना आता बरोबर आठवलं होतं. भंगाराच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये काही बायका प्लास्टिक आणि लोखंड वेगळं करत बसल्या होत्या. त्यांच्यातली एक हिंदुरावांना पाहून उठली. डोक्यावर पदर, बोलणं लातूरकडचं. शालनबाईंपेक्षा वयाने बरीच मोठी. गिटारीबद्दल विचारलं तेव्हा तिने न घाबरता सांगितलं. चाकणच्या कंपनीचा ट्रक दिवाळीआधी आला, त्यात मोडक्या खुर्च्यांच्या खाली ती होती. मालकाने लाकूड म्हणून जाळायला काढली, तर हिने मागून घेतली.

मी तिथेच एका डब्यावर बसलो. गिटार भंगाराच्या ट्रकमधून आली होती. आता ती ट्रकपर्यंत कशी गेली, एवढंच उरलं होतं, आणि ते मला जवळजवळ कळलं होतं.

५

दुपारी फ्लॅटमध्ये सगळे जमले. ओनिशी, वर्षाली मॅडम, क्षितिज. शालनबाईंना मी हाताला धरल्यासारखं वर आणलं होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. गिटार मी चादरीत गुंडाळून आणली होती. ती उघडल्यावर ओनिशींनी दोन्ही हातांनी घेतली आणि खाली मान घालून बसले.

वर्षाली मॅडमनी लगेच विचारलं, कोणाकडे सापडली. मी म्हटलं, सांगतो, पण माझ्या क्रमाने सांगतो.

आधी हळदकुंकू. ते देवापुढे ठेवलेल्या वस्तूला लागतं. गिटारला ते कधी लागेल? खंडेनवमीला. त्या दिवशी आपण हत्यारं पुजतो. आमच्या भोसरीत लेथच्या मशीनपासून मापाच्या व्हर्नियरपर्यंत सगळ्यांना फूल वाहतात, आणि आता चाकणच्या कंपन्यांत लॅपटॉपही मांडतात. खंडेनवमीला ओनिशी जपानमध्ये होते. म्हणजे त्यांच्या माघारी कोणीतरी गिटार पूजेत मांडली.

"ही पण मांडू शकते घरी," वर्षाली मॅडम शालनबाईंकडे पाहून म्हणाल्या.

म्हणून दुसरी गोष्ट, तार आणि लाल पुठ्ठा. जपानी पद्धतीच्या कारखान्यात सफाईची मोहीम असते. कोणाची ते कळत नाही, कशाला लागते ते कळत नाही, अशा वस्तूला लाल कार्ड बांधतात आणि एका जाळीच्या कप्प्यात नेऊन ठेवतात. मालकाने येऊन सोडवली तर ठीक, नाहीतर ती भंगारात जाते. मी नोकरीत अशी कितीतरी कार्डं बांधली आहेत. शालनबाईंच्या घरी लाल कार्ड कोण बांधणार? आणि त्या कधी चाकणच्या प्लांटच्या गेटच्या आत गेल्या आहेत का? त्यांच्याकडे पास तरी आहे का?



"गिटार चोरीला गेली नव्हती," मी म्हटलं. "ती पूजेला गेली होती. पूजा झाली, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. पुढे सफाईवाल्यांनी पाहिलं, ही कोणाची? तिचा मालक जपानमध्ये. सोडवायला कोण येणार?"

वर्षाली मॅडमच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. ट्रक भरभरून अडगळ त्यांनी काढली होती. त्यांनी जाळीभर सामानाला एक सही केली होती, आत काय आहे ते पाहिलं नव्हतं. हे मी बोललो नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, अगदी हळू, की जाळीतल्या सामानावर सही माझी आहे.

आता उरली पेटी. फ्लॅटची किल्ली आणि प्लांटचा पास, दोन्ही असलेली माणसं दोन. गिटार पेटीशिवाय गेटमधून नेली तर वॉचमन बघतो, विचारतो. ज्याच्याकडे स्वतःची गिटारची बॅग आहे आणि जो ती पाठीला लावून नेहमी ये-जा करतो, त्याला कोणी विचारत नाही. त्याला ती जड पेटी कंपनीच्या बसमध्ये चढवायचीही गरज नाही.

आणि एक गोष्ट. सगळे म्हणत होते, बाईने घेतली असेल. ओनिशी म्हणत होते, घेतली नसावी. शक्यच नाही, असं एकच माणूस म्हणाला. इतकी खात्री ज्याला खरं माहीत असतं त्यालाच असते.

क्षितिज उभा होता, तो खाली बसला.

"सगळ्यांची हत्यारं मांडली होती," तो म्हणाला. "सरांचा लॅपटॉप सर घेऊन गेले होते. आमच्या डिपार्टमेंटमध्ये सरांचंच काही नव्हतं. मी म्हटलं, सरांचं खरं हत्यार घरी आहे. मला वाटलं, त्यांना फोटो पाठवू, खूश होतील. त्याच रात्री आईंचं ऑपरेशन आहे कळलं, म्हणून नाही पाठवला. सुट्टीनंतर आणू म्हटलं, तर मला थेट ट्रेनिंगला पाठवलं. परत आलो तेव्हा गिटार तिथे नव्हती. मला वाटलं कोणीतरी उचलली. मग सर आले. मी अजून प्रोबेशनवर आहे, काका. रोज वाटायचं, आज सांगू."

कोणी त्याला ओरडलं नाही. शालनबाई दारातून दोन पावलं पुढे आल्या.

"रोज तुला डबा देत होते की रे मी," त्या म्हणाल्या.

त्याने तोंड झाकून घेतलं. ओनिशी उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या शेजारी बसले. गिटार त्यांच्या मांडीवर होती. खाचांतलं कुंकू त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं, आणि मला विचारलं, हे काढायलाच पाहिजे का. मी म्हटलं, नाही काढलं तरी चालतं.

६

वर्षाली मॅडमनी शालनबाईंची माफी मागितली. नीट मागितली, हात जोडून. तक्रार होणार नाही, उद्यापासून कामावर या, असंही म्हणाल्या. मला वाटलं, झालं. 

शालनबाई म्हणाल्या, "माफी इथं नको, मॅडम. खाली चला."

वर्षाली मॅडमना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांनी ओढणी सारखी केली आणि जिना उतरायला लागल्या. आम्ही सगळे मागोमाग उतरलो. लिफ्ट होती, पण कोणाला सुचलं नाही.

गेटवर वॉचमन होता, आणि कालच्यांपैकी बऱ्याच बायका होत्या. वर्षाली मॅडमनी मोठ्याने सांगितलं की गिटार सापडली आहे, ती कंपनीच्या चुकीने गेली होती, आणि शालनबाईंवर घेतलेला संशय खोटा होता. एका बाईने विचारलं, मग पिशवी का तपासली? मॅडम म्हणाल्या, तीही चूक. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

ओनिशींनी शालनबाईंना विचारलं, आज जेवण करणार का. त्या म्हणाल्या, आज नाही, उद्या. आज त्यांना घरी सांगायचं होतं.

त्या भोसरीला राहतात. मी त्यांच्याबरोबर शेअर रिक्षात बसलो, मला दुसरं काही काम नव्हतं. वाटेभर त्या बोलत होत्या. लेकीला फोन करून रडायला लावलं होतं, आता पुन्हा करायचा. क्षितिजला पोळ्या मिळतील, पण लोणचं नाही, निदान महिनाभर. रिक्षातली दुसरी माणसंही ऐकत होती, आणि मला ते बरं वाटत होतं.

नाशिक फाटा ओलांडल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "दादा, खरं सांगा. तुमाला वाटलं का कधी, मीच घेतली म्हणून?"

मी म्हटलं, "वाटलं. कासारवाडीला थोडा वेळ वाटलं."

त्यांनी मान हलवली. राग आला असेल तर दिसला नाही.

"आन् बाईंना वाटलं असतं?"

"पद्माला?" मी म्हटलं. "नसतं वाटलं."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला सांगितलं की पुढच्या चौकात थांब.